मुलांचा पारखी : आल्फ्रेड बिने

आल्फ्रेड बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस या शहरात झाला. वडील डॉक्टर होते, आई चित्रकार होती. आईनेच त्यांना वाढवले. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राची पुस्तके वाचली. तीच त्यांची शाळा.

पुढे ते शार्को या नामवंत डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागले. लोहचुंबकाच्या प्रभावाने संमोहित रुग्णाच्या हालचाली शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, असे त्यांनी लिहिले. ते चुकीचे ठरले. डॉक्टरांना काय हवे आहे, हे रुग्णांना आधीच कळत असे. बिने यांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली. हे सोपे नव्हते.

त्यांना मादलेन आणि आलिस या दोन मुली होत्या. त्या लहान असताना बिने घरीच त्यांचे निरीक्षण करत. मादलेन गंभीर होती, जपून पाऊल टाकायची. आलिस हसत, अडखळत खोलीभर फिरायची. एकाच घरातल्या दोन मुली, पण शिकण्याची रीत निराळी!

त्या काळी डोक्याच्या आकारावरून बुद्धी ठरवत. बिने यांनीही शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या मापांत फरक निघाला अगदी थोडा. तोही आपल्या मनातल्या अपेक्षेमुळे निघाला नसेल ना, अशी त्यांना शंका आली. शेवटी त्यांनी ती वाट सोडली.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे झाले होते. सर्व प्रकारची मुले शाळेत आली. काहींना वर्गाबरोबर चालता येईना. अशा मुलांसाठी काय करावे, हे ठरवण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये एक समिती नेमली. बिने तिचे सदस्य होते. पण मूल खरोखर मागे आहे, की केवळ खोडकर आहे, हे कोणी ठरवायचे? त्रास देणारा मुलगा वर्गातून घालवण्याचा मोह शिक्षकाला होऊ शकतो. डॉक्टरांचीही मते एकमेकांशी जुळत नसत.

१९०५ मध्ये बिने आणि त्यांचे तरुण सहकारी तेओदोर सिमों यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० चाचण्या तयार केल्या. पेटत्या काडीकडे नजर वळते का? तीन अंक ऐकून पुन्हा सांगता येतात का? माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? पाठांतरावर त्यांचा भर नव्हता. १९०८ मध्ये त्यांनी या चाचण्या वयाप्रमाणे लावल्या.

कोणाला मदत हवी, एवढेच त्यांना शोधायचे होते. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. १९०९ च्या पुस्तकात त्यांनी त्याचा कडक निषेध केला. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात आधी लक्ष देण्याचा सराव घेतला जाई. खूण होताच पुतळ्यासारखे निश्चल राहायचे, क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून सांगायच्या, असे ते खेळ होते.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी पॅरिसमध्ये बिने वारले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील श्टेर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची रीत सुचवली. त्यातून बुद्ध्यांक आला. अमेरिकेत काही जणांनी याच चाचण्या वापरून मुलांवर आणि बाहेरून आलेल्या गरीब लोकांवर मंदबुद्धीचा शिक्का मारला. ज्या गोष्टीची बिने यांना भीती होती, तीच घडली.

आपल्या उपखंडातही या चाचण्या आल्या. लाहोरमध्ये सी. एच. राइस यांनी त्यांचे हिंदुस्थानी रूप तयार केले. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी त्या नव्याने बसवल्या.