दरबारी गायक अल्लादिया खाँ : आवाज गेला, गायकी घडली



राजर्षी शाहू महाराजांचा पाठ शिकवताना आपण मुलांना मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सांगतो, वसतिगृहे सांगतो, राधानगरीचे धरण आणि खासबागचे कुस्तीचे मैदान सांगतो. पण याच महाराजांच्या पदरी पंचवीसहून जास्त वर्षे एक मोठा गवई होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. त्यांचे नाव उस्ताद अल्लादिया खाँ. गाणाऱ्या मंडळींना हे नाव ठाऊक आहे, पण आपल्या शाळांपर्यंत ते फारसे आलेले नाही. म्हणून आज त्यांचे चरित्र पाहूया.

जन्म आणि घर

अल्लादिया खाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उणियारा येथे झाला. उणियारा हे जयपूर राज्यातले एक छोटे ठिकाण. अल्लादिया म्हणजे अल्लाने दिलेला. घराण्याचे मूळ गाव उत्तर प्रदेशात अलीगढजवळचे अत्रौली. म्हणूनच त्यांच्या गायकीला पुढे जयपूर-अत्रौली घराणे असे नाव पडले.

घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते. वडील अहमद खाँ दरबारी गायक होते, पण त्यांचे छत्र लवकर हरपले. मग चुलते जहांगीर खाँ यांनी शिकवायला घेतले. आधी धृपद, नंतर ख्याल. धृपद म्हणजे जुनी, भारदस्त, तालाला पक्की बांधलेली गायनपद्धत. ख्यालात गायकाला त्या मानाने जास्त मोकळीक असते. एकेक सूर, एकेक बंदिश पाठ होईपर्यंत घोटून घ्यायची, अशी ती तालीम अनेक वर्षे चालली. लिहून घेण्याची सोय नाही. जे काही साठवायचे ते गळ्यात आणि डोक्यात.

आपल्या पालघर जिल्ह्यातही हे दिसतेच की. जव्हार-विक्रमगडकडे तारपा वाजवणारा माणूस कुठल्या वर्गात बसून शिकलेला नसतो. बापाचा, आज्याचा हात बघून शिकतो.

दरबारची चाकरी म्हणजे काय?

त्या काळी कलावंताचे पोट राजाश्रयावर चालायचे. हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. जर्मनीत बाख नावाच्या घराण्यात कित्येक पिढ्या संगीतकार झाले, कुणी चर्चमध्ये तर कुणी दरबारात. त्यांतले सर्वांत नावाजलेले योहान सेबास्टियन बाख यांनी १७१७ मध्ये वायमारच्या दरबाराची नोकरी सोडायचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना जवळजवळ महिनाभर कैदेत ठेवले होते. मान होता, बिदागी होती, पण मर्जी मालकाची.

अल्लादिया खाँ यांना त्याची किंमत वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागली. मध्य भारतातील आमलेटा या छोट्या संस्थानात ते असताना तिथल्या संस्थानिकाला गाणे ऐकण्याची भारी हौस. दिवसामागून दिवस तासन्‌तास गावे लागले. चाकरीत नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी गळ्याने दगा दिला आणि आवाज बसला. गायकाचा आवाज जाणे म्हणजे कोळ्याची होडी फुटण्यासारखेच. घर त्यावरच चालणार ना!

आवाज बदलला, मग गाणेही बदलले

खरी गोष्ट इथून पुढे आहे. काही काळाने आवाज परत आला, पण तो पहिला राहिला नव्हता. आधीची धार आणि सहजता गेली होती. दुसरा कुणी असता तर जुन्या चालीनेच गायचा प्रयत्न करत राहिला असता, नाहीतर गाणे सोडून शिकवण्या करत बसला असता. अल्लादिया खाँ यांनी काय केले? हाती उरलेल्या आवाजाला काय जमते, ते आधी नीट पाहिले आणि त्याप्रमाणे आपली गायकी नव्याने बांधली.

त्यांनी लय संथ ठेवली. मोकळ्या आकारात, म्हणजे 'आ' या स्वरावर, सूर लावण्यावर भर दिला. प्रत्येक आलाप, प्रत्येक तान तालाच्या मात्रांत गुंफली. ताना सरळ धावणाऱ्या नाहीत, तर वळणे घेत जाणाऱ्या, पेचदार. जयपूरचे मुबारक अली खाँ अशा तानांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या गाण्याचा ठसा अल्लादिया खाँ यांच्यावर होता. लहानपणी घोटून घेतलेले धृपदही इथे कामी आले. तालाचा तो पाया पक्का होता, म्हणून त्यावर नवी इमारत उभी राहिली. त्याशिवाय फारसे कुणी न गाणारे अनवट राग आणि दोन राग एकत्र गुंफलेले जोडराग ही त्यांची खास ओळख बनली.

म्हणजे बघा, आज जी जयपूर-अत्रौली गायकी अवघड आणि बुद्धिमान म्हणून नावाजली जाते, तिच्या घडणीत एका बिघडलेल्या गळ्याचा मोठा वाटा आहे.

कोल्हापूर

१८९५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारी ठेवून घेतले. घरची भाषा मराठी नाही, मुलूख वेगळा, तरी हा माणूस महाराष्ट्राचा होऊन गेला. धाकटे बंधू हैदर खाँ हेही उत्तम गायक होते.

त्यांच्या गाण्याचा परिणाम मराठी रंगभूमीपर्यंत पोहोचला. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले. याच भास्करबुवांनी १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'संगीत स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हेही खाँसाहेबांच्या सहवासातले. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या ओठांवर जी नाट्यगीते होती, त्यांत कुठेतरी हा दरबारी सूर मिसळलेला आहे.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईला राहायला आले.

विद्या घराबाहेर गेली

घराण्याची विद्या घरातच ठेवायची, असा त्या काळचा रिवाज. त्यांचे तीन मुलगे. थोरले नासिरुद्दीन प्रकृतीमुळे गाऊ शकले नाहीत. मंजी खाँ फार गुणी, पण ते १९३७ मध्ये, वडिलांच्या डोळ्यांदेखत वारले. भुर्जी खाँ यांनी पुढे वारसा चालवला. मल्लिकार्जुन मन्सूर यांना या दोघाही भावांची तालीम मिळाली.

पण ही गायकी घरोघरी पोहोचवली ती गोव्याच्या दोन स्त्रियांनी. पहिल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९२१ मध्ये त्यांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला, तेव्हा गुरूंचे वय ६६ होते. पुढे त्यांच्या अखेरीपर्यंत ही तालीम चालली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचे आवाज असलेली तबकडी अवकाशात पाठवली, त्यात भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे.

दुसऱ्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर. खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत आले असताना त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला आणि ते स्वतःहून तिला शिकवू लागले. नंतर अडथळे पुष्कळ आले, मध्ये तालीम तुटली, हैदर खाँ यांच्याकडे शिकावे लागले. तरी मोगूबाईंनी नेट सोडला नाही. किशोरी आमोणकर या त्यांच्याच कन्या.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत, वयाच्या ९० व्या वर्षी खाँसाहेबांचे निधन झाले. त्यांच्या स्वतःच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ते कसे गात, हे आपल्याला त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावे लागते.

आपल्या वर्गासाठी

सहावी-सातवीतल्या मुलांचा आवाज फुटतो. परिपाठात कालपर्यंत पुढे उभे राहून गाणारा मुलगा एकदम मागच्या रांगेत जातो. मुले हसतात, आपणही त्याला समूहगीतातून वगळतो. बरेचदा तो पुन्हा कधीच गात नाही. अशा मुलाला खालच्या पट्टीत गायला द्या, ताल धरायला द्या, ढोलकीवर बसवा. त्याला मधल्या काळात बाहेर काढू नका, एवढेच म्हणणे आहे.

पालकांनीही लक्षात घ्यावे. वाचनात, खेळात, चित्रात मूल अडखळले की आपण त्याला कालच्या मापानेच मोजत राहतो. आज त्याला काय जमते, तिथून सुरुवात केली तर वाट सापडते.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

१. अल्लादिया खाँ यांचा आवाज कशामुळे बसला?
२. आवाज बदलल्यावर त्यांनी गाण्यात कोणकोणते बदल केले?
३. लहानपणी शिकलेले धृपद त्यांना पुढे कसे उपयोगी पडले?
४. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एखादे काम, कला किंवा गाणे कोणते? घरातल्या मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.

उपक्रम : केसरबाई किंवा मोगूबाई यांचे ध्वनिमुद्रण वर्गात पाच मिनिटे ऐकवा. राग ओळखायला सांगू नका. फक्त डोळे मिटून हाताने ताल धरायला सांगा.