धर्मानंद कोसंबी : घडी मोडून पुन्हा निघालेला माणूस

'भगवान बुद्ध' हे पुस्तक आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी आहे. पण ते लिहिणारे धर्मानंद कोसंबी कोण, कुठले, हे विचारलं तर आपण गप्प बसतो. म्हणून हे चार शब्द.

गोव्यातल्या सांखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा धड झाली नाही. लग्न लवकर झालं, नारळाची बाग सांभाळणं नशिबी आलं. अशात 'बालबोध' मासिकात बुद्धचरित्र वाचलं आणि मन तिथंच अडकलं. १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. खिशात पैसा नाही, पुढचा मुक्काम ठाऊक नाही. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म नेपाळात सापडेल म्हणून तिथवर गेले, तर तिथली अवस्था बघून निराश झाले. दुसरा कुणी असता तर गावची वाट धरली असती. हे बुद्धगयेला गेले, आणि तिथून सिलोनला! १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांजवळ श्रामणेर झाले, पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गोव्यात पत्नी बाळाबाई लहान मुलीला घेऊन वाट बघत होत्या. जवळजवळ सात वर्षं! कोसंबींच्या धाडसाचं कौतुक आपण करतो, पण त्याची निम्मी किंमत त्या माउलीने मोजली. चरित्रकार हे एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवलं आणि पुन्हा संसार मांडला. लोक काय म्हणतील, ही भीती धरली नाही. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि सयाजीराव महाराजांच्या महिना ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहून बुद्धधम्मावर लिहू लागले. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या कामाला अमेरिकेत हार्वर्डला गेले. शाळा अर्धवट सुटलेला माणूस तिथल्या प्रोफेसरांच्या बरोबरीने बसला. परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला, आणि १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात, तुरुंगात!

आम्हा गिरणगावच्या लोकांना त्यांची आठवण वेगळी. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. पैसा बिर्लांचा होता, हेही खरं. आमची गिरणी बंद झाली तेव्हा वीस वर्षांचं काम हातातून गेलं, आता आपण कोण, हा प्रश्न रात्र-रात्र झोपू देत नसे. त्या दिवसांत मी त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र वाचलं. बागाईतदार, भिक्षू, प्रोफेसर, सत्याग्रही. यातलं एकही नाव त्यांनी कायमचं धरून ठेवलं नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. मग मी भाजीची गाडी लावली.

शेवटी शरीर साथ देईना, तेव्हा सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडलं. ४ जून १९४७ रोजी ते गेले. हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' छापून आला १९५० साली.