इओसिनोफिलला नाव देणारा एर्लिक

उन्हाळ्याच्या तोंडाशी वारंगा फाट्याच्या आसपास हळद शिजते, वाळते आणि पॉलिशच्या ड्रममध्ये फिरू लागते. धुरळा उडतो. कुणाला सटासट शिंका येतात, नाक वाहते, डोळे खाजतात. मग नांदेडला किंवा हिंगोलीला जाऊन रक्त तपासले जाते आणि रिपोर्टमध्ये ‘इओसिनोफिल’ वाढलेले दिसले की घरचे घाबरतात. या पेशीला हे नाव दिले पॉल एर्लिक यांनी, १८७९ मध्ये.

एर्लिक यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलेन गावचा. वैद्यकाच्या पुस्तकांपेक्षा त्यांना रंगांचे वेड अधिक. कापड रंगवण्यासाठी निघालेले नवे कृत्रिम रंग ते शरीराच्या पेशींवर टाकून पाहत. हळद कापडाला धरते तसा कोणता रंग कोणत्या पेशीला धरतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १८७८ च्या प्रबंधात त्यांनी दाणेदार ‘मास्ट’ पेशींचे वर्णन केले. दाण्यांनी भरलेल्या या पेशी खाऊन-पिऊन पुष्ट झाल्या असाव्यात, असे त्यांना वाटले आणि त्यावरूनच नाव पडले. अंदाज चुकला, नाव मात्र टिकले. पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रक्ताचा थेंब काचेवर पसरून ‘इओसिन’ रंग टाकला, तेव्हा काही पांढऱ्या पेशींमधले दाणे लालसर-नारिंगी उजळले. त्याच इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची ओढ असलेल्या पेशी.

या पेशी करतात काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. ‘ॲलर्जी’ हा शब्दच १९०६ मध्ये आला. मास्ट पेशींच्या दाण्यांत हिस्टामिन असते, हे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी दाखवले. आता चित्र बरेच स्पष्ट आहे. ज्याला परागकणांची किंवा धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी आहे, त्याच्या नाकात ते कण गेले की काही मिनिटांत मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. शिंका येतात त्या यामुळे. काही तासांनी रक्तातले इओसिनोफिल नाकाच्या अस्तराकडे धावतात, आणि अस्थिमज्जेला आणखी पेशी पाठवण्याचा संदेश जातो. रक्त हा त्यांचा केवळ रस्ता. तिथे त्या काही तासच असतात, मुक्काम ऊतींमध्ये. म्हणून नाक गळत असूनही रक्तातला आकडा नेहमीसारखा असू शकतो. उलट जंत झाले तरी तो वाढतो. प्रत्येक धुळीची शिंक ॲलर्जीचीच असते असेही नाही. नुसत्या धुरळ्यानेही नाक चुरचुरते. तेव्हा आकडा पाहून स्वतःच स्टेरॉइडच्या गोळ्या घेणे धोक्याचे. नाक, छाती तपासून, गरज पडल्यास शौच तपासूनच डॉक्टरांनी ठरवावे.

एर्लिक यांना पुढे क्षयाने गाठले; ज्या जंतूला रंगवण्याची त्यांनी सुधारित रीत शोधली होती, तोच जंतू. इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते परतले. १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांच्यासोबत नोबेल मिळाले, नंतर उपदंशावरचे ‘६०६’ हे आर्सेनिकयुक्त औषध आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

गंमत अशी, की १९४३ मध्ये भारतात खोकला आणि भरमसाट वाढलेले इओसिनोफिल असलेल्या रुग्णांना वाइनगार्टन या डॉक्टरांनी याच ‘६०६’ च्या सुधारित भाऊबंदाची इंजेक्शने देऊन बरे केल्याचे नोंदवले. या आजारामागे हत्तीरोगाचे जंत असतात, हे पुढे कळले. धुळीचा त्यात हात नव्हता.