खाडाखोडीचा चित्रकार

रवींद्रनाथ टागोर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र दाढी, पायघोळ अंगरखा आणि 'गीतांजली' उभी राहते. राष्ट्रगीताचे कवी, १९१३ सालचे नोबेल पारितोषिक, शांतिनिकेतन, एवढे आपल्याला शाळेपासून तोंडपाठ असते. विश्वकवी, गुरुदेव ही विशेषणेही आपण निबंधात हमखास घालतो. या लेखात मात्र त्या विश्वकवीला मी जरा बाजूला बसवणार आहे. मला सांगायचे आहे ते अशा एका माणसाविषयी, ज्याला लहानपणापासून चित्र काढायची ओढ होती, आपल्याला ते जमणार नाही याची तितकीच पक्की खात्री होती, आणि जो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी चित्रकार झाला.

७ मे १८६१ रोजी कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकूरवाड्यात रवींद्रनाथांचा जन्म झाला. त्या वाड्यात कलेला तोटा नव्हता. थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ पेन्सिलीने माणसांचे चेहरे इतके सुरेख काढत की पुढे १९१४ मध्ये त्यांचा संग्रह इंग्लंडात छापला गेला. लहानगा रवी शाळेतून परतला की घरी शिकवायला येणाऱ्या मास्तरांची रांगच लागलेली असे, आणि त्या रांगेत चित्रकलेचे मास्तरही असत. शाळा काही त्यांना मानवली नाही. एकामागून एक शाळा बदलून अखेर त्यांनी ती सोडूनच दिली. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी इंग्रजीची आणि तिकडच्या रीतिरिवाजांची ओळख व्हावी म्हणून त्यांना मुंबईत एका मराठी घरी ठेवण्यात आले होते. ते घर डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे, म्हणजे मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या बंधूंचे. सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांनाही इंग्रजी शिकायला परक्याच्या घरी राहावे लागले होते, हे वाचून मला बरे वाटले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर का बसावेसे वाटते, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

इंग्रजी आली, बंगालीत तर शब्द त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहू लागले. रेषेची भीड तेवढी गेली नाही. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जीवनस्मृती' या आत्मकथनात त्यांनी तरुणपणच्या दुपारी आठवल्या आहेत. चित्रवही जवळ घेऊन ते नुसतेच पडून राहत, काढायच्या चित्रांशी मनातल्या मनात खेळत आणि कागद बहुधा कोराच राही. घरात पुतणे पुढे निघाले होते. दहा वर्षांनी लहान असलेल्या अवनींद्रनाथांना रवींद्रनाथांनीच आपल्या 'चित्रांगदा' नाटकासाठी चित्रे काढायला लावले. दुसरे पुतणे गगनेंद्रनाथ. हे दोघेही आधुनिक भारतीय चित्रकलेतील मोठी नावे ठरली. पुतण्यांना प्रोत्साहन देणारे काका स्वतः मात्र काठावरच उभे! १८९३ मध्ये पुतणी इंदिरा हिला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूलच करून टाकले, की चित्रविद्येकडे आपण निराश प्रियकरासारखे पाहत असतो, पण तिची मनधरणी करण्याचे वय आता गेले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते!

यानंतर सात वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी मित्र जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेले पत्र मला फार महत्त्वाचे वाटते. आपण हल्ली चित्रवही घेऊन बसतो, हे त्यात त्यांनी थोडे लाजत, थोडे विनोदाने कळवले आहे. ही चित्रे काही पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, अशी आधीच हमी दिली आहे. आईचा जीव जसा तिच्या कुरूप लेकरात अधिक गुंतलेला असतो, तसा माणूसही जी विद्या येत नाही तिच्याकडेच ओढला जातो, असे त्यांचे म्हणणे. आणि पुढे ते सांगतात, की आपल्या हातून पेन्सिलीपेक्षा रबरच जास्त चालते.

इथे मी जरा थांबतो. पेन्सिलीपेक्षा रबर जास्त! चित्र शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट एवढ्यात आली. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्यांना आठवेल, चित्र बिघडते ते पुष्कळदा रेषेने नव्हे, पुसण्याने. कागदाला लव येते, मग भोक पडते. आणि रेघ कागदावर टेकण्याआधीच मनातले रबर तिच्यावर फिरलेले असते. आपल्यातील परीक्षक आपल्यातील विद्यार्थ्यापेक्षा नेहमीच आधी हजर असतो. रवींद्रनाथांचा परीक्षक तर जबरदस्त होता. कवितेत उत्तम काय याची ज्याला इतकी जाण, त्याला आपली कच्ची रेघ किती कच्ची आहे हे इतरांपेक्षा जास्तच दिसत असणार. हातापेक्षा डोळा पुढे गेला की असा कोंडमारा होतो. १९०० नंतर कितीतरी वर्षे त्यांची चित्रवही जवळजवळ मिटलेलीच राहिली. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले, नंदलाल बोस यांच्यासारखे गुरू तिथे आले, गावोगावची मुले येऊन रेषा गिरवू लागली. संस्थापकांनी स्वतः तिथे कधी नाव घातले नाही.

मग हा कोंडमारा फुटला कसा? त्याचे उत्तर चित्रवहीत नाही, कवितेच्या वहीत आहे.

रवींद्रनाथ हे फार खाडाखोड करणारे कवी होते. एकटाकी लिहिणाऱ्या प्रतिभावंताचे जे चित्र आपल्या मनात असते, ते त्यांच्या हस्तलिखितांपुढे टिकत नाही. शब्द खोडायचा, वर दुसरा लिहायचा, तोही खोडायचा, ओळच्या ओळ गाळायची. वहीच्या पानावर काळे ठिपके, काळ्या पट्ट्या पडत. त्यांच्या डोळ्यांना ही कुरूपता सहन होईना. पान फाडून नवे लिहून काढणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. खोडलेल्या एका शब्दावरून ते शाईची रेघ ओढत आणि ती खालच्या ओळीतल्या दुसऱ्या खोडलेल्या शब्दाला नेऊन जोडत. मग तिसऱ्याला. या रेघा वळणे घेत, मधल्या जागा भरत जात, आणि बघता बघता त्यातून एक चोच पुढे येई, एखादा डोळा उघडे, कधी पृथ्वीवर कुठेच नसलेल्या जनावराची पाठ दिसू लागे. 'रक्तकरबी' नाटकाच्या १९२३ च्या सुमाराच्या हस्तलिखितात हा खेळ चांगलाच रंगलेला आहे. आपल्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मी अशा एका पानाचे छायाचित्र पाहिले. बंगाली मला वाचता येत नाही, त्यामुळे कविता कळण्याचा प्रश्नच नव्हता. दिसत होते ते एवढेच, की बरोबर ठरलेल्या ओळी काळ्या पाण्यातल्या बेटांसारख्या उरल्या आहेत, आणि पानाचा सगळा जिवंतपणा चुकलेल्या शब्दांकडे गेला आहे.

१९२४ च्या अखेरीस ते पेरू देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीसाठी निघाले असताना वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सला उतरले. डॉक्टरांनी पुढचा प्रवास बंद केला. व्हिक्टोरिया ओकाम्पो नावाच्या तरुण लेखिकेने सान इसिद्रो येथे नदीकाठच्या एका घरात त्यांची व्यवस्था केली. तिथे 'पूरबी' संग्रहातील कित्येक कविता लिहिल्या गेल्या. ओकाम्पोबाईंनी एकदा ती वही उघडून पाहिली आणि त्या चकित झाल्या. बंगाली त्यांनाही येत नव्हते, माझ्यासारखेच! म्हणूनच कदाचित त्यांना ती पाने कविता म्हणून न दिसता चित्रे म्हणून दिसली. बाकीचे सारे कवितेकडे पाहत होते, या परक्या बाईने खाडाखोडीकडे पाहिले.

वसतिगृहातल्या माझ्या एका मित्राला मी हे सगळे सांगितले, तेव्हा त्याने नाक मुरडले. जमीनदाराच्या मुलाला काय, कागद वाया गेला तरी चालतो, असे त्याचे मत. हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. आमच्या घरी तीन भावंडांत एक रबर होते आणि जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून नवी वही होई. शाळेत खाडाखोड म्हणजे नीटनेटकेपणाचे गुण गेले, आणि वर हातावर छडी. आमच्याकडे चूक ही महाग वस्तू आहे. तेव्हा चुकांशी खेळण्याची चैन रवींद्रनाथांना परवडत होती, हे मान्यच केले पाहिजे. पण मित्राला मी उलटही विचारले. साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाने साठी उलटल्यावर वेड्यावाकड्या आकृत्या लोकांपुढे मांडायच्या, यात त्याला गमावण्यासारखे काहीच नव्हते का? आपली वही कोणी पाहत नाही, त्यांची सारे जग पाहत होते. कागदाची किंमत त्यांना नव्हती, नावाची होती. यावर मित्र गप्प बसला. पटले म्हणून की झोप आली म्हणून, ते सांगता येत नाही.

असो. १९२८ च्या सुमारास कवितेचा आधार सुटला आणि रवींद्रनाथ कोऱ्या कागदावर स्वतंत्र चित्रे काढू लागले. त्यांच्या कामाची पद्धत इथे मुद्दाम सांगतो, कारण १९०० साली अडकलेली गाठ तिथेच सुटलेली दिसते. त्यांनी पेन्सिल व रबर मागे टाकून शाई घेतली. शाई पुसता येत नाही. चुकीची रेघ पडली तर तिला बरोबर घेऊनच पुढे जावे लागते. पेनाचे टोक, पेनाचा दांडा, चिंधी, बोटे, हाती येईल त्याने ते शाई फासत. काय काढायचे हे आधी ठरवत नसत. रेघ जिकडे नेईल तिकडे जात आणि बहुतेक चित्र एका बैठकीत संपवत. चित्रांना नावे देणेही त्यांनी टाळले. लांबट चेहऱ्याच्या, गंभीर डोळ्यांच्या स्त्रिया, मुखवटे, विचित्र पक्षी, अंधारातून उजळलेल्या पिवळ्या आकाशाचे देखावे, अशी दोन हजारांहून अधिक चित्रे त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या बारा-तेरा वर्षांत काढली. २०११ मध्ये त्यांचे चार मोठे खंड प्रसिद्ध झाले. त्यांना लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येत नसावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सगळीच चित्रे मला आवडली असे खोटे सांगणार नाही. काही निव्वळ चाळा वाटतात. पण त्या स्त्रियांचे चेहरे पुस्तक मिटल्यावरही पाठ सोडत नाहीत.

आणि पहिले प्रदर्शन कुठे भरले असेल? पॅरिसला! मे १९३० मध्ये, पिगाल गॅलरीत. ओकाम्पोबाई त्या वेळी पॅरिसमध्ये होत्या. त्यांनीच धावपळ करून ते जुळवून आणले. सव्वाशेच्या आसपास चित्रे मांडली होती. तीस वर्षांपूर्वी बोस यांना विनोदाने दिलेली हमी अशी मोडली. त्याच वर्षी लंडन, बर्लिन, म्युनिक, कोपनहेगन, मॉस्को, न्यूयॉर्क अशी ती चित्रे फिरली. स्वदेशात ती दाखवताना मात्र रवींद्रनाथ कचरत होते. आपल्या लोकांना ती पोरकट वाटतील ही भीती त्यांच्या मनातून जाईना, आणि ती अगदीच खोटीही नव्हती. कवी म्हणून ज्यांनी पूजा केली, त्यांतल्या पुष्कळांना या चित्रांचे काय करावे ते कळेना. तरीही १९३१ च्या डिसेंबरात, सत्तरीच्या सत्काराच्या निमित्ताने, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ती लागली, आणि १९३३ मध्ये आपल्या मुंबईतही लोकांनी ती पाहिली.

यावरून त्यांच्या मनातील परीक्षक गप्प झाला होता असे कोणी समजू नये. आपल्याला या विद्येचे शिक्षण नाही, हे ते शेवटपर्यंत बोलून दाखवत. फरक एवढाच, की आता तो परीक्षक बोलत असतानाही हात चालू राहत असे. १९३७ मध्ये 'से' आणि 'खापछाडा' ही दोन गमतीदार पुस्तके त्यांनी स्वतःच्याच चित्रांनी सजवली. १९४० मध्ये 'चित्रलिपी' हा चित्रसंग्रह निघाला. १९४१ मध्ये चित्रकार जामिनी रॉय यांनी त्यांच्या चित्रांची वाखाणणी केली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या या वृद्धाला झालेला आनंद त्यांनी रॉय यांना लिहिलेल्या पत्रांत लपत नाही. पहिल्यांदा पाठीवर शाबासकी मिळालेल्या विद्यार्थ्याचा आनंद तो!

त्याच वर्षी ते फार आजारी झाले. त्यांना शांतिनिकेतनातून कलकत्त्याच्या जुन्या वाड्यात आणण्यात आले. ३० जुलैला शस्त्रक्रिया ठरली होती. त्या दिवशी सकाळी त्यांनी जवळ बसलेल्या राणी चंद यांना एक कविता सांगितली आणि त्यांनी ती उतरून घेतली. हातात पेन धरण्याची ताकद आता उरली नव्हती. कविता वाचून दाखवल्यावर तिच्यात काही ठिकाणी बिघडले आहे असे त्यांना वाटले. पण राहू दे, शस्त्रक्रियेनंतर डोके स्वच्छ झाले की ती घासूनपुसून देईन, असे ते म्हणाले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी ते गेले. ती कविता सांगितली तशीच छापली गेली. तिच्यावर त्यांच्या हातची एकही काट नाही.