सॅम कुक : भजनी गळ्याचा गायक

भजनी गळ्याने सिनेमाचे गाणे म्हटले की आपल्याकडे कुजबूज होते. अमेरिकेतल्या सॅम कुकलाही ती सोसावी लागली. जन्म १९३१ चा, मिसिसिपीतला. वडील चर्चमध्ये प्रवचन करीत. शिकागोला आल्यावर सॅम भावंडांबरोबर देवाची गाणी गाई. १९५७ साली त्याचे ‘यू सेंड मी’ हे प्रेमगीत गाजले आणि चर्चमधले पुष्कळ श्रोते रुसले. पण भक्तीचा तोच सूर त्याने संसारी गाण्यात आणला. त्यालाच पुढे सोल संगीत म्हणू लागले. आपल्या गाण्यांची मालकी आपल्याकडे राहावी म्हणून त्याने स्वतःची कंपनीही काढली.

१९६३ च्या जूनमध्ये त्याचे दीड वर्षाचे बाळ घरच्या पोहण्याच्या हौदात बुडाले. आई म्हणून मला याहून जास्त लिहवत नाही. त्याच ऑक्टोबरात श्रीव्हपोर्ट गावी, खोली राखून ठेवलेली असूनही काळा म्हणून हॉटेलात जागा नाकारली, वर पोलिसांनी पकडले. त्यानंतर त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ रचले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीने ते आपले मानले.

११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजेलिसच्या एका लॉजमध्ये गोळी लागून तो वारला. वय अवघे तेहतीस. त्या गाण्याची वेगळी तबकडी निघाली ती त्याच महिन्यात, तो गेल्यावर.