पाथरवट झालेला भूशास्त्रज्ञ

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील क्रोमार्टी गावी १८०२ साली जन्मलेल्या ह्यू मिलर यांना विद्यापीठाची पायरी कधी चढता आली नाही. वडील गलबताचे कप्तान. १८०७ मध्ये ते समुद्रात बुडाले. सतराव्या वर्षी मिलर पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. दगडाच्या धुळीने त्यांची फुफ्फुसे कायमची अधू केली. पण त्याच तांबड्या वालुकाश्मात त्यांना प्राचीन माशांचे जीवाश्म गवसले. त्यांतील एका चिलखती माशाला लुई अगासीझ यांनी मिलर यांचेच नाव दिले.

१८४० मध्ये ते एडिंबरोच्या ‘द विटनेस’ या पत्राचे संपादक झाले. जमीनदारांनी मंडळीवर धर्मोपदेशक लादू नयेत, हा इव्हॅन्जेलिकल पक्षाचा आग्रह त्यांनी हिरिरीने मांडला. १८४३ मध्ये चर्च दुभंगले आणि फ्री चर्च उदयास आले. तथापि स्वपक्षीयांची मर्जी राखण्यासाठी खडकांची साक्ष दडपणे त्यांना मान्य नव्हते. सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस म्हणजे प्रदीर्घ युगे आणि नोहाचा प्रलय एका प्रदेशापुरता, असे ते प्रतिपादन करीत. जीवांची उत्क्रांती मात्र त्यांना अमान्य होती. तिच्या खंडनार्थ १८४९ मध्ये त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या बाबतीत, हे नमूद करायलाच हवे, त्यांचा निष्कर्ष टिकला नाही.

अतिश्रम आणि आजाराने खचलेल्या मिलर यांनी डिसेंबर १८५६ मध्ये पोर्टोबेलो येथील घरी स्वतःचे जीवन संपविले. ‘द टेस्टिमनी ऑफ द रॉक्स’ हा त्यांचा अखेरचा ग्रंथ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. डार्विन यांच्या ग्रंथाला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.