सव्हानाचे शिल्पकार जेम्स ओगलथॉर्प

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, सव्हाना नदीच्या काठी, नदीच्याच नावाचे एक जुने शहर आहे. ते वसवणारे जेम्स ओगलथॉर्प सैनिक होते, म्हणून मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

त्यांचा जन्म १६९६ साली लंडनमध्ये झाला. १७१७ मध्ये ते बेलग्रेडच्या वेढ्यात तुर्कांविरुद्ध लढले. पुढे ते पार्लमेंटचे सभासद झाले. त्यांचा मित्र रॉबर्ट कॅस्टेल कर्जापायी तुरुंगात पडला आणि तेथेच देवीच्या रोगाने वारला. तेव्हा ओगलथॉर्प यांनी तुरुंगांच्या चौकशीचे काम हाती घेतले. गरिबांना नव्याने आयुष्य सुरू करता यावे अशी वसाहत काढण्याची कल्पना त्यातूनच पुढे आली.

१७३३ च्या फेब्रुवारीत शंभरावर माणसे घेऊन ते नदीच्या उंच काठावर उतरले. तेथील यामाक्रॉ लोकांचे वृद्ध प्रमुख टोमोचिची यांच्याशी न लढता, बोलणी करून त्यांनी जागा मिळवली. १७३९ मध्ये टोमोचिची वारले, तेव्हा शहरातल्या चौकात सैनिकी इतमामाने त्यांचे दफन झाले. ओगलथॉर्प यांनी स्वतः खांदा दिला.

शहराची आखणी मला फार आवडली. प्रत्येक पेठेच्या मधोमध मोकळा चौक, भोवती घरांसाठी चाळीस जागा आणि सार्वजनिक इमारतींसाठी चार. चौकात कवायत होई. शहर वाढले तरी आखणी तीच राहिली. आज तेथे असे बावीस चौक आहेत आणि त्यांवर जुन्या ओक वृक्षांची गर्द सावली आहे. सव्हानाचे सौंदर्य ते हेच.

वसाहतीत गुलामगिरी नको, असाही ओगलथॉर्प यांचा आग्रह होता. त्यामागे स्पॅनिश फ्लोरिडाच्या शेजाराचा लष्करी विचारही होता. १७३५ मध्ये तसा कायदा झाला. अनेक वसाहतकरी मात्र त्यावर नाराज होते. १७४२ मध्ये स्पॅनिश फौजेला परतवून ओगलथॉर्प पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले, ते पुन्हा आले नाहीत. १७५१ पर्यंत बंदी उठली. मग गुलामांच्या श्रमावरच तिथली भातशेती वाढली. १७८५ मध्ये ओगलथॉर्प वारले.

त्यांचे चौक टिकले, कायदा टिकला नाही. आमच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारताना मला हे आठवते. रेघ एकदा आखली की दिसत राहते. नियम मात्र आखणारा निघून गेल्यावरही पाळणारी माणसे लागतात.